वरवंट्याचं बीपी

मेडशीच्या प्रसेनजित तायडेला खोटं बोलायला आवडत नव्हतं, पण जमत मात्र फार छान होतं.

एसटी स्टँडसमोरच्या गल्लीत एका खोलीत त्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे पाटी नाही, काउंटर नाही, आणि गिऱ्हाईक तर कधी दारात उभंच राहिलं नाही. चारी भिंतींना खोकी रचलेली, मध्ये एक सतरंजी, सतरंजीवर प्रसेनजित आणि त्याच्या कानाला फोन. दिल्लीच्या ठोक बाजारातून त्याच्याकडे एका बड्या परदेशी कंपनीच्या स्मार्ट घड्याळांची हुबेहूब नक्कल यायची. या धंद्यात तिला ‘फर्स्ट कॉपी’ म्हणतात. ज्याला नकलेतसुद्धा पहिला नंबर काढायची हौस सुचली, त्या माणसाचं खरं तर कौतुक केलं पाहिजे. प्रसेनजित त्या घड्याळांचे झकास फोटो काढायचा, ऑनलाइन बाजारात टाकायचा आणि खाली ‘शंभर टक्के ओरिजिनल’ असं न लाजता लिहायचा. कारंजा, रिसोड, अकोला, पार नागपूरपर्यंत त्याची पार्सलं जायची.

घड्याळ दिसायला देखणं होतं, यात शंका नाही. मनगटावर चढवलं की खालच्या बाजूला हिरवा दिवा लुकलुकायचा आणि वर आकडे उमटायचे. हृदयाचे ठोके, रक्तदाब, ऑक्सिजन, सगळंच. एकदा एक बिघडलेलं घड्याळ परत आलं तेव्हा प्रसेनजितनं ते स्क्रूड्रायव्हरनं उघडून पाहिलं होतं. आत एक बॅटरी, एक चिप आणि तो हिरवा दिवा. मोजमाप करायची सोय म्हणाल तर काहीच नाही. आकडे आतल्या आत मनाला येतील तसे पडत होते, तेही तब्येत ठणठणीत असलेल्या माणसाचे. वेळ तेवढी बरोबर दाखवत होतं. त्या दिवशी त्यानं घड्याळ पुन्हा बंद केलं आणि स्वतःची समजूत काढली, की आपण वेळ विकतो आणि वेळ तर खरी आहे, बाकीचं लोक हौसेनं पाहतात. स्वतःची समजूत काढायला त्याला कधीच फार वेळ लागला नाही.

मध्ये एकदा ठोकवाल्यानं चुकून वांग्याच्या रंगाच्या पट्ट्यांचा माल पाठवला. असला रंग दुसऱ्या कोणाकडेच नव्हता. प्रसेनजितनं ‘खास आवृत्ती’ असं लिहून तोही विकून टाकला.

त्याच सुमारास एका बाईचा फोन आला होता. असे फोन त्याला दिवसभर येत.

“दादा, तुमच्या घड्याळातलं बीपी खरं असते काय? घरी मोठ्या माणसाले बीपीचा तरास हाय, म्हून इचारलं.”

“ताई, डॉक्टरच्या मशीनपेक्षा खरं! बिनधास्त राहा,” प्रसेनजित म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा फोन घेतला. कोणाचा आवाज लक्षात ठेवण्याइतकी उसंत त्याला नव्हती.

खरं सांगायचं तर त्याचं लक्षच नव्हतं. बाबासाहेबांच्या गेल्या जयंतीला वाशिमच्या कार्यक्रमात त्यानं पल्लवी खिल्लारेला भाषण करताना पाहिलं होतं. शिरपूरकडची मुलगी, उपकेंद्रात नर्स. भाषण ऐन रंगात आलं आणि माइक बंद पडला. दुसरं कोणी असतं तर वायरमनची वाट पाहत उभं राहिलं असतं. ही मात्र पदर खोचून दोन पावलं पुढं आली आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात तिनं पुढचं सगळं भाषण बिनमाइकचं केलं. शेवटच्या रांगेत प्रसेनजित बसला होता. तो तिथंच संपला.

मग त्यानं देवमन मामाचे पाय धरले. हा त्याच्या आईचा भाऊ, सोयरिकी जुळवण्यात तरबेज. मामानं चार ठिकाणी चहा पिऊन ओळखीतून ओळख काढली आणि एका रविवारी शिरपूरला मुलगी पाहायला जायचं ठरलं. प्रसेनजितची आई, बेबीताई, पहाटेपासून त्याच्या शर्टाला इस्त्री करत होती. एकच शर्ट, तीनदा.

*

पल्लवीचे वडील उकंडराव खिल्लारे एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. पंचक्रोशीत त्यांचा दरारा होता. त्यांच्या गाडीतून विनातिकीट माणूस उतरला असं उभ्या जन्मात झालं नाही, असं ते स्वतः सांगत आणि ऐकणारेही मान्य करत. नोट नुसती बोटानं चोळून खरी-खोटी ओळखायचे. माणसाचंही तेच.

“या, या. जय भीम!” ते दारातच म्हणाले. “मालेगावात गाडी बदलावी लागली असन. सीट भेटली काय?”

“भेटली जी. जय भीम,” प्रसेनजित म्हणाला.

आतल्या दारातून कोणीतरी बाहेर यायला निघालं होतं, ते पाऊल थबकलं. प्रसेनजितला पडद्याखाली फक्त पैंजण दिसले. ती लाजली असेल, असं त्याला वाटलं आणि तो मनोमन खूश झाला.

रीतीप्रमाणे आधी तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर मेणबत्ती लावून सगळ्यांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं. उकंडरावांचा आवाज सगळ्यात मोठा. चौथ्या शीलाला, म्हणजे खोटं न बोलण्याच्या शीलाला, प्रसेनजितची जीभ नेहमीच जरा अडखळायची. आजही अडखळली. बेबीताईनं त्याच्याकडे तिरकं पाहिलं.

सगळे बसले. उकंडरावांनी शर्टाची बाही वर सारली. मनगटावर वांग्याच्या रंगाचा पट्टा होता.

“पाहा पाव्हणे,” उकंडराव हात पुढं करत म्हणाले. “फॉरेनचं हाय. ओरिजिनल. ऑनलाइन मागवलं मी. तब्येत एकदम कब्जात! पाहा, एकशेवीस-ऐंशी. सकाळी पाहा, रात्री पाहा, एकशेवीस-ऐंशी.”

“माह्याबी पाहा बरं,” देवमन मामा म्हणाला. मामाला रक्तदाबाचा जुना आजार. डॉक्टरनं मीठ बंद केलेलं, त्यावरून त्याची घरात रोज भांडणं. उकंडरावांनी घड्याळ त्याच्या हाताला बांधलं. हिरवा दिवा लुकलुकला आणि आकडा आला.

“एकशेवीस-ऐंशी!” मामा जवळजवळ ओरडलाच. “अन् तो डॉक्टर मले पापड खाऊ देत नाइ! उद्यापासून गोळ्या बंद!”

“म्याबी बंदच केल्या,” उकंडराव म्हणाले. “कायले खा पोटात दवाई? घड्याळच सांगते ना बराबर हाय म्हून.”

प्रसेनजितनं पाण्याचा पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला.

“आता तुही पाळी,” उकंडराव मामाच्या हातचं घड्याळ सोडवून प्रसेनजितकडे वळले. “हात दे इकडं. पाह्य पोरा, मी आता तुले सवाल करतो. माणूस खोटा बोलला का छातीतले ठोके वाढतात. गाडीत चेहऱ्यावरून पाहो मी, आता मशीन हाय. बोल, दारू?”

“नाइ जी.”

“त्र्याहत्तर. तंबाखू, गुटखा?”

“नाइ जी.”

“एकाहत्तर. माही पोरगी नर्स हाय. लग्न झाल्यावर नोकरी सोड म्हणशील?”

“नाइ जी! कधीच नाइ.” हे उत्तर त्याच्या अगदी बेंबीच्या देठापासून आलं.

“बहात्तर. अन् धंदा कायचा करतं?”

“ऑनलाइन... इलेक्ट्रॉनिकचा.”

“इमानदारीचा हाय ना?”

प्रसेनजितच्या छातीत आता नुसती धडधड चालली होती. स्वतःचे ठोके त्याला स्वतःच्या कानात ऐकू येत होते, कपाळावर घाम आला होता आणि त्याला वाटत होतं, हे सगळ्या घराला ऐकू जात असणार.

“हो जी,” तो म्हणाला.

उकंडरावांनी चष्मा सावरला आणि घड्याळ पाहिलं. “बहात्तर!” त्यांनी मांडीवर थाप मारली. “एक ठोका हालला नाइ! देवमनराव, पोरगा पसंत हाय आपल्याले. असा थंडा माणूस मी पाह्यला नाइ.”

मामानं प्रसेनजितच्या पाठीत आनंदानं रट्टा घातला. बेबीताईनं डोळ्यांना पदर लावला. झालं होतं. जिच्यासाठी तो वर्षभर झुरत होता ती हातात आल्यात जमा होती. त्यासाठी त्याला काही करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं.

तेवढ्यात पडदा सरकला आणि पल्लवी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. तिच्यामागून तिची आई, लिलाबाई, पोह्यांच्या बशा घेऊन.

“पसंत-बिसंत मंग पाहू,” लिलाबाई म्हणाली. ती मघापासून आत धुसफुसत होती हे कोणालाही कळलं असतं. “पाव्हण्यांसमोर नाइ बोलू, पण बोलते. यायले गेल्या पौर्णिमेले विहाराच्या पायऱ्यावर चक्कर आली. कठडा धरला म्हून वाचले. पण आयकते कोण? घड्याळ म्हणते बराबर हाय!”

“अवं, उन्हाची चक्कर होती थे.”

“बाबा, माह्या पंपावर एकशे ऐंशी आलं होतं,” पल्लवी म्हणाली. ‘पंप’ म्हणजे तिचं दवाखान्यातलं रक्तदाब मोजायचं यंत्र. ते कोपऱ्यातल्या स्टुलावर ठेवलेलं होतं.

“तुहा पंप सरकारी हाय. बिघडला असन.”

पल्लवीनं वडिलांशी वाद घातला नाही. तिनं ट्रे खाली ठेवला, एक कप प्रसेनजितसमोर सारला आणि थेट त्याच्याकडे पाहिलं. जयंतीच्या मंचावरून तिनं शेवटच्या रांगेकडे पाहिलं होतं, अगदी तसंच.

“तुमचा धंदाच इलेक्ट्रॉनिकचा हाय म्हणता,” ती म्हणाली. “मंग तुमीच सांगा. खरं दाखवते काय हे घड्याळ?”

उत्तर जिभेवर तयार होतं. रोज दहादा दिलेलं, घासून गुळगुळीत झालेलं उत्तर. ताई, डॉक्टरच्या मशीनपेक्षा खरं. त्यानं तोंड उघडलं. समोर उकंडराव खुशीत बशीतला चहा फुंकत होते, त्यांच्या चेहऱ्यावर जरा जास्तच लाली होती, आणि आता ती लाली कशाची आहे हे त्याला कळत होतं. शेजारी मामा दुसऱ्यांदा शेव मागत होता.

प्रसेनजितनं हातातलं घड्याळ सोडवलं.

“मावशी,” तो लिलाबाईला म्हणाला, “घरात वरवंटा हाय काय?”

“वरवंटा?” लिलाबाईला वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली. “हाय ना. आताच ठेचा वाटला. काहून?”

“आना जरा.”

वरवंटा आला. त्याला अजून मिरची-लसणाचा वास होता. प्रसेनजितनं तो मांडीवर घेतला, बारीक टोकाकडून पट्टा चढवला आणि शेवटच्या भोकात अडकवला. मग तो अलगद चहाच्या ट्रेशेजारी ठेवला, मुलगी पाहायला आलेल्या पाहुण्यासारखा. सगळे वाकून पाहू लागले. हिरवा दिवा लुकलुकला, विझला, पुन्हा लुकलुकला. घड्याळ थोडा वेळ विचारात पडल्यासारखं दिसलं. मग आकडे उमटले.

ठोके चौऱ्याहत्तर. ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव. रक्तदाब एकशेवीस-ऐंशी.

मामानं आधी वरवंट्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या मनगटाकडे.

“म्हंजे...” देवमन मामानं हातातली शेव परत बशीत टाकली. “म्हंजे माहं बीपी...”

“मामा, तुमी गोळी घ्या,” प्रसेनजित म्हणाला. “आजच घ्या. अन् पापड नका खाऊ.”

सगळ्यात आधी लिलाबाई हसली. पदर तोंडात कोंबला तरी तिला हसू आवरेना. “वाटू वाटू मी दमते, अन् ह्याच्या छातीत काहीच नाइ होत!” म्हणत ती भिंतीला टेकली. तिचं पाहून बेबीताई हसली, मग मामाही हसला. उकंडराव मात्र हसले नाहीत. ते वरवंट्याकडे एकटक पाहत होते. नोट बोटानं चोळून ओळखणारा माणूस, आणि घड्याळानं त्याला एका दगडाच्या पंगतीला बसवलं होतं.

“तुले कसं समजलं हे?” त्यांनी विचारलं. आवाज खाली आला होता.

आता मागं फिरायला जागा नव्हती, आणि नवल म्हणजे प्रसेनजितला फिरायचंही नव्हतं. गळ्याशी आलेलं पाणी उतरावं तसं त्याला मोकळं वाटत होतं.

“हे घड्याळ मीच इकलं मामाजी. ह्या रंगाचा पट्टा माह्याशिवाय कोणापाशी नाइ. ओरिजिनल नाइ हे, नक्कल हाय. आत नुसता दिवा हाय. मले पयलेपासून माहीत होतं. अन् मघाशी तुमी इमानदारीचं इचारलं तवा मी खोटं बोल्लो. ठोके माहे लय वाढले होते, यानं बहात्तर दाखवले.”

बेबीताईचं हसू जागच्या जागी विझलं. मामानं कपाळावर हात मारला आणि एसटीची परतीची वेळ आठवू लागला. पोरानं जुळलेली सोयरीक स्वतःच्या हातानं मोडली होती, तीही पोहे संपायच्या आत.

“मी फोन केला होता तुमाले,” पल्लवी शांतपणे म्हणाली. “घड्याळ आलं त्याच आठवड्यात. घरी बीपीचा माणूस हाय म्हून सांगतलं होतं. तुमी म्हणाले, ताई, डॉक्टरच्या मशीनपेक्षा खरं, बिनधास्त राहा.”

प्रसेनजितचे कान लाल झाले. आपलंच वाक्य तिच्या तोंडून ऐकताना ते किती ओंगळ आहे हे त्याला पहिल्यांदा कळलं. जिचा आवाज ऐकून तो वर्षभर वेडा झाला होता, तोच आवाज फोनवर आला तेव्हा त्यानं नीट ऐकलासुद्धा नव्हता.

“आज तुमी दारात जय भीम म्हणाले अन् मी आवाज वळखला,” ती पुढं म्हणाली. “तवाच बाबाले सांगणार होती. मंग म्हटलं थांबावं. पाहावं, माणूस सोताहून बोलते का नाइ. तुमी आता गप्प बसले असते ना, तं मी सगळ्याइसमोर सांगतलं असतं अन् चहाबी पिऊ दिला नसता.”

उकंडराव उठले, फोटोसमोरची मेणबत्ती सरळ केली आणि मागं न वळताच म्हणाले, “लिला, माही गोळी आन.”

लिलाबाई धावली. पाणी सांडत आणलं. उकंडरावांनी सगळ्यांच्या देखत गोळी घेतली, वर तांब्याभर पाणी प्याले आणि पुन्हा आपल्या जागेवर येऊन बसले. लिलाबाईच्या चेहऱ्याकडे पाहवत नव्हतं, इतका तो उजळला होता.

“गाडीत दोन तऱ्हेचे लोक बिनातिकिटाचे राहत,” उकंडराव बोलू लागले. “एक थो, जो खिडकीतून बाहेर पाहत बसे. त्याले मी धरो अन् दंड करो, मंग थो माहा सोयरा का असेना. दुसरा थो, जो सोता उठून ये अन् म्हणे, मास्तर, माहं तिकीट राह्यलं. त्याले मी कधी दंड नाइ केला. तिकीट फाडलं, हातात देल्लं अन् म्हटलं, बस.”

त्यांनी प्रसेनजितकडे पाहिलं. कंडक्टर पाहतो तसं, पायापासून डोक्यापर्यंत.

“तू दुसऱ्या तऱ्हेचा हायस. पण हे तिकीट माह्यापाशी नाइ. हिच्यापाशी हाय.” त्यांनी पल्लवीकडे बोट केलं. “इले इचार.”

पल्लवीनं वरवंटा उचलून बाजूला ठेवला.

“असे किती बाबा असतील कोठी कोठी,” ती म्हणाली. “घड्याळ पाहून गोळ्या बंद केलेले. ज्याइले ज्याइले इकलं त्या सगळ्याइले फोन करा. सोता करा, दुसऱ्याले लावू नका. खरं सांगा, शिव्या खा. मंग या अन् इचारा.”

*

शिव्या भरपूर मिळाल्या. वऱ्हाडात शिव्यांची टंचाई कधीच नव्हती.

प्रसेनजितनं आधी ऑनलाइन बाजारातलं सगळं दुकान उतरवलं. मग सतरंजीवर बसून फोन लावायला सुरुवात केली. “मी घड्याळवाला बोलून राह्यलो. तुमाले ओरिजिनल म्हून इकलं थे नक्कल हाय. बीपी खोटं दाखवते, दवाखान्यात मोजा, गोळ्या बंद केल्या असतील तं आजच सुरू करा.” सुरुवातीला त्याला घाम फुटायचा. अकोल्याच्या एका वकिलानं पोलिसांचं नाव काढलं. रिसोडच्या एका गृहस्थानं तर त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस केली आणि शेवटी म्हणाला, “पण बाप्पा, फोन केला हे बरं केलं. माही माय गोळी घेत नव्हती.” त्या दिवशी प्रसेनजित जेवताना स्वतःशीच हसत होता आणि बेबीताईला वाटलं, पोराला काही झालं.

ज्यांनी पैसे मागितले त्यांना त्यानं ते परत केले, मोटरसायकल विकून केले. कारंज्याची एक म्हातारी मात्र घड्याळ द्यायला तयार होईना. “मले म्हाइत हाय रे खोटं हाय म्हून,” ती म्हणाली. “पण रोज सकाळी चांगलं बोलणारं घरात हेच एक हाय. राहू दे.” गोळ्या रोज घेते, अशी शपथ तिच्याकडून वदवून त्यानं फोन ठेवला.

असं करता करता त्याला एक गोष्ट उमगली. खरं बोलणंही त्याला छान जमत होतं, आणि वरून आवडतही होतं. खोलीच्या दाराला त्यानं पहिल्यांदा पाटी लावली: ‘मोबाइल व घड्याळ दुरुस्ती’. पहिलं गिऱ्हाईक पायांनी चालत आलं तेव्हा ते कुठं बसवावं हेच त्याला समजेना.

सगळे फोन संपले त्या रविवारी तो पुन्हा शिरपूरला गेला. यावेळी बेबीताईनं शर्टाला एकदाच इस्त्री केली, कारण तिचा धीर सुटला होता. मामा सोबत होता, पिशवीत स्वतःच्या गोळ्या घेऊन.

उकंडरावांचा चेहरा निवळलेला होता. चक्कर थांबली होती. ओसरीवर पाट्याशेजारी वरवंटा उभा होता आणि त्याला अजून तोच वांग्याच्या रंगाचा पट्टा बांधलेला. आल्या-गेल्याला उकंडराव स्वतः दाखवत, “हे पाहा, आमच्या वरवंट्याची तब्येत. सगळ्या घरात सगळ्यात फिट!” ठेचा वाटायला लिलाबाईनं शेजारणीचा वरवंटा मागून आणला होता.

“केले फोन?” पल्लवीनं विचारलं.

“केले.”

“सगळ्याइले?”

“सगळ्याइले. तिघं उचलत नव्हते, त्याइच्या घरी जाऊन आलो.”

ती त्याच्यासमोर बसली. “हात द्या,” म्हणाली.

तिनं त्याच्या मनगटावर तीन बोटं टेकवली, नर्स टेकवते तशी. नाडी मोजायला घड्याळ लागतं. तिनं इकडं-तिकडं पाहिलं आणि वरवंट्याकडे नजर लावली. वेळ तर ते बरोबर दाखवत होतं. सेकंद सरकत होते, तिचे ओठ मोजताना हलत होते आणि प्रसेनजित तिच्या ओठांकडे पाहत होता, जे नाडी मोजून घेणाऱ्यानं करू नये.

मिनिट झालं. तिनं वर पाहिलं.

“किती?” उकंडरावांना दम निघेना.

“एकशे अठरा.”

“एकशे अठरा!” उकंडराव उडालेच. “एवढे वाढले? मंग खोटं बोलून राह्यला हा! फोन केलेच नाइ यानं!”

“नाइ बाबा,” पल्लवी म्हणाली, आणि पहिल्यांदाच हसली. “फोन केले यायनं. हात मी धरला, म्हून वाढले.”

लिलाबाईनं तोंडाला पदर लावला. बेबीताईनं डोळ्यांना लावला. मामानं आनंदाच्या भरात पापड मागितला आणि दोघींनी एकदमच त्याला नाही म्हटलं. मिनिट कधीच संपलं होतं, तरी पल्लवीनं हात सोडला नव्हता.